भिंगरीचा डावा डोळा

गल्लीत त्याला सगळे चष्मेवाले म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं होतं, आणि परवाना केव्हाच कपाटामागे घसरला होता. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे त्याच्या शब्दाला वजन होतं; त्याने मान हलवली की म्हातारी माणसंसुद्धा मुकाट्याने जाड काचा घेऊन जात. पलीकडे तो नुसता बाप होता, म्हणजे ज्याचं बोलणं संपेपर्यंत कोणी थांबत नाही असा माणूस.

दुकान लांबीला तोकडं. तक्ता वाचायला जेवढं अंतर लागतं तेवढं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरत नसे. म्हणून त्याने गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे तक्ता टांगला होता आणि समोर आरसा. आरशातला तक्ता वाचायचा, की अंतर आपोआप दुप्पट. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली, आरशात सुलटी दिसत. शिवाय तक्ता दोन्ही बाजूंनी छापलेला होता आणि मधल्या खिळ्यावर फिरायचा. मागची बाजू खास पोरांसाठी. पोरं पक्की असतात. बाकावर पाय हलवत आपल्या पाळीची वाट बघतात आणि तोवर मोठ्यांचं ऐकून ऐकून तक्ता पाठ करून टाकतात. कोणाला चष्मा नको असतो म्हणून, तर कोणाला वर्गातल्या मैत्रिणीसारखा हवा असतो म्हणून. त्यामुळे पोर खुर्चीत बसलं रे बसलं, की चष्मेवाले तक्त्याला टिचकी मारत, तक्ता गर्रकन फिरे, आणि पाठांतर करून आलेल्याचा चेहरा पडे.

“बावीस वर्षांत माझ्या हातून एक पोर सुटलेलं नाही,” असं ते सांगत. बाहेरच्या पोरांपुरतं ते खरंच होतं.

त्यांची थोरली मुलगी साडेआठ वर्षांची. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती चालत नसे, गरगरत असे, आणि गरगरताना एकदोन वस्तू खाली आणत असे. पाणी ओतायला गेली की धार भांड्याच्या बाजूला. चेंडू झेलायला गेली की हात मिटायचे एकीकडे, चेंडू जायचा दुसरीकडे. सुईत दोरा घालायला दिला तर अर्धा तास दोऱ्याचं टोक ओलं करत बसे आणि शेवटी आईला म्हणे की सुईला भोकच नाही. चष्मेवाल्यांनी या सगळ्याचा निकाल एकाच शब्दात लावून टाकला होता: धांदरट. हा शब्द दिवसातून किती वेळा तिच्या वाट्याला येई याची कोणी मोजदाद ठेवली नाही. ठेवली असती तर पुढे फार अवघड गेलं असतं, त्यापेक्षा बरंच झालं.

पण अक्षरांच्या बाबतीत पोर हुशार. दुकानातच लहानाची मोठी झालेली. तीन वर्षांची असताना, बाराखडीचा पत्ता नसताना, तिला तक्त्याच्या अकराच्या अकरा ओळी येत होत्या. दिवसभर गिऱ्हाइकं वाचत, ती पडद्याआड ठोकळे खेळत ऐके. पाढे म्हणावेत त्या चालीवर ती वरपासून खालपर्यंत तक्ता म्हणे आणि शेवटच्या बारीक ओळीला एक हेल काढे. गिऱ्हाइकं खूश. चष्मेवाले तिला काउंटरवर उभी करत आणि म्हणत, “दाखव बेटा म्हणून.” बेटा दाखवी. एका आजोबांनी तर, या मुलीमुळे मी दुसऱ्या दुकानात जात नाही, असंही सांगितलं होतं. आजोबांना अक्षरं दिसत नव्हती, पण ऐकू स्वच्छ येत होतं.

दर वाढदिवसाला चष्मेवाले तिचे डोळे तपासत. हा घरचा नेम होता. तिला खुर्चीत बसवत, आधी एका डोळ्यावर आपला तळवा ठेवत, मग दुसऱ्यावर. ती दोन्ही वेळा धडाधड वाचून मोकळी होई, दुसऱ्या वेळी तर पहिल्यापेक्षाही भरभर. “नजर म्हणजे घारीची,” असं म्हणत ते तळवा काढत. पाच वर्षं हा नेम चुकला नाही. पाचही वर्षं तक्त्याला टिचकी मारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. टिचकी परक्यांच्या पोरांसाठी होती. लबाडी करायची असते ती परक्यांची पोरं करतात.

त्यांची बायको पोस्टात काउंटरवर होती. दिवसभर लोकांची पार्सलं तोलून तोलून तिला घरातल्या गोष्टींचंही वजन अचूक कळे. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे तिला जाणवत होतं. एकदा दवाखान्यात दाखवून आणू या, डोळ्यांच्याच डॉक्टरीणबाईंना, असं ती मधूनमधून म्हणे. चष्मेवाले हसत. घरात चष्म्याचं दुकान असताना डोळे दाखवायला बाहेर जायचं म्हणजे विहिरीच्या काठावर राहून शेजाऱ्याकडे तांब्याभर पाणी मागायचं. लोक काय म्हणतील? ती म्हणे, लोकांचं जाऊ द्या. मग कोणीतरी दुकानात येई आणि विषय राहून जाई.

धाकटा ढब्बू साडेचार वर्षांचा. त्याला वाचता येत नव्हतं, आणि त्याची त्याला अजिबात खंत नव्हती.

एका रविवारी दुपारी दुकान बंद होतं. चष्मेवाले काउंटरवर एका फ्रेमची सैल झालेली दांडी कसत बसले होते. खेळ नेहमीचाच चालला होता: दुकान-दुकान. फक्त आज चष्मेवाला ढब्बू होता आणि ताई गिऱ्हाईक. वडिलांचा जुना ॲप्रन त्याच्या घोट्यापर्यंत येत होता. तक्त्यावरची अक्षरं त्याच्या काही उपयोगाची नव्हती, म्हणून त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्वतःचा तक्ता काढला होता. वर मोठी मांजर, तिच्याखाली छत्री आणि घर, त्याखाली केळं, चप्पल, ट्रक, आणि अगदी तळाशी मुंग्या. तो त्याने चिकटपट्टीने समोरच्या भिंतीवर लावला, आरशाच्या भानगडीत न पडता.

“बसा आजी,” ढब्बू म्हणाला. ताईने कंबर वाकवून बसल्यासारखं केलं. त्याने लाकडी डाव आणून तिच्या डाव्या डोळ्यावर धरला. तिने मांजरीपासून मुंग्यांपर्यंत सगळं वाचलं, वर हेही सांगितलं की मांजर बटाट्यासारखी झाली आहे. ढब्बूला राग आला, पण गिऱ्हाइकावर रागवायचं नसतं हे त्याला माहीत होतं. त्याने डाव उजव्या डोळ्यावर नेला. ताई पुन्हा घडाघडा म्हणाली: मांजर, छत्री, घर, केळं, चप्पल, ट्रक, मुंग्या.

मग ढब्बूने तेच केलं जे त्याने वडिलांना शंभर वेळा करताना बघितलं होतं. पोर खुर्चीत बसलं की तक्ता फिरवायचा. त्याने कागद भिंतीवरून सोडवला आणि उलटा करून लावला. कॅलेंडरच्या त्या बाजूला, तारखा संपल्यावर खाली जी मोकळी जागा होती, तिथे त्याने पिवळ्या खडूने एक मासा काढून ठेवला होता, पंज्याएवढा.

“आता वाचा आजी.”

ताई वाकली. मग आणखी वाकली. मग आजीचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात म्हणाली, “फसवतोस. तिथे काहीच नाहीये.”

“आहे.”

“कोरी जागा आहे ती, ढब्बू. डाव काढ, मला दुखतंय.”

चष्मेवाले आधी हसले. पोरगा आपल्यावर गेलाय, असं त्यांच्या मनात आलं, आणि हातातली दांडी कसता कसता त्यांनी सहज समोर बघितलं. त्यांच्या जागेवरून मासा दिसत होता. डोळा दिसत होता, कल्ले दिसत होते, शेपटीपाशी खडू मोडल्याची खूण दिसत होती. हातातला स्क्रू खाली पडला आणि कुठे गेला ते त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी ढब्बूला आईकडे पाठवलं. पोरीला खऱ्या खुर्चीत बसवलं. तक्त्याला टिचकी मारली. तक्ता गर्रकन फिरला आणि जरा वेळ हलत राहिला.

उजव्या डोळ्याने तिने सगळं वाचलं, अडखळत, कारण ही बाजू तिने क्वचितच ऐकली होती. डाव्याने तिला सगळ्यात वरचं अक्षर, जे रस्त्यावरूनही वाचता येईल एवढं होतं, तेसुद्धा अंदाजाने सांगावं लागलं, आणि अंदाज चुकला. चष्मेवाल्यांनी जड गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत गेले. बरोबर काच सापडेपर्यंत अर्धा तास लागला. ती सापडल्यावरही दोनच ओळी उघडल्या. तिसरीपाशी ती गप्प बसली.

काच लावून जे दिसतं त्याचं दुःख नसतं. बावीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते. काच लावूनही दिसत नाही तिथे खरी अडचण असते. डोळा धडधाकट असतो, पण लहानपणापासून त्याच्याकडून अंधूकच चित्र येत राहिलं की मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो. घरात एखाद्या म्हाताऱ्याचं ऐकणं सोडून द्यावं तसं. पाचव्या-सहाव्या वर्षी लक्षात आलं, चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावलं, तर पुष्कळ वेळा नजर परत येते. सातआठनंतर वेळ निघून जायला लागते. हे त्यांना पुस्तकातलं पाठ होतं. पोरीचं वय त्यांना महिन्यांत माहीत होतं.

बायको दारात उभी राहून बघत होती.  संध्याकाळी भांडी पुसताना एवढंच म्हणाली, “मी तीनदा म्हटलं होतं.” चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात मोजलं. पाच वेळा म्हटलं होतं. आकडा त्यांनी दुरुस्त केला नाही. दोन वेळांची सूट मिळत असेल तर माणूस कशाला नाकारील?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांना चांगल्या ओळखत. गल्लीतली अवघड प्रकरणं चष्मेवालेच त्यांच्याकडे पाठवत. बाईंनी पोरीच्या डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ उजेड टाकून बघितलं, आणि मग तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

“घरी कधी तपासलं नव्हतं?” त्यांनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता, हीच पंचाईत होती.

“तपासत होतो,” चष्मेवाले म्हणाले. “दर वाढदिवसाला.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर, असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. उरलेलं वाक्य चष्मेवाल्यांना येत होतं. ते वाक्य ते स्वतः दुकानात लोकांना पुरं ऐकवत, आणि आईबापांच्या चेहऱ्याकडे न बघता, काच पुसत पुसत ऐकवत. आपण बघायला हवं होतं, असं त्यांना तिथे पहिल्यांदा वाटलं.

उपाय ठरला. चष्मा कायम, आणि रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. सहा महिने करून बघू, बाई म्हणाल्या. काही ओळी मिळतील. किती, ते आज सांगत नाही.

चष्मा त्यांनी स्वतः केला. काच घासायला एरवी एक सकाळ लागे. या काचेला चार दिवस लागले, कारण ते घासून झालेलं पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत बसत. गल्ली गप्प बसणारी नव्हती. चष्मेवाल्याच्या पोरीलाच चष्मा, दिव्याखाली अंधार, वगैरे. काउंटरपाशी येणाऱ्या आजोबांनी तर विचारलं की आता तक्ता म्हणणार कोण. चष्मेवाले या सगळ्यांना हसून उत्तर देत. ते बोलणं आपल्या वाट्याचंच आहे हे त्यांना कळत होतं, आणि त्यात भर घालण्यासारखं खरं फक्त आपल्यालाच माहीत आहे हेही.

पट्टीचा पहिला दिवस वाईट गेला. पट्टी चिकटवताच पोरीने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि सोडेना.

“घाबरायचं काय त्यात,” ते म्हणाले. “आपण दर वाढदिवसाला डोळा झाकायचो की नाही?”

“तेव्हापण घाबरायचे मी.”

“कधी बोलली नाहीस?”

“तू हात लवकर काढावास म्हणून भरभर म्हणायचे ना,” ती म्हणाली. “सगळं म्हणून झालं की तू काढायचास.”

चष्मेवाले तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले होते, ते तसेच राहिले. पाच वर्षं ज्या वेगाला ते नजर समजत होते तो हा होता. दिसत नसल्याचं का सांगितलं नाहीस, हेही त्यांनी विचारलं, फार हळू. तिला प्रश्नच कळला नाही. सगळ्यांचं असंच असतं असं तिला वाटत होतं: एक डोळा बघायला, आणि एक सोबतीला.

त्यानंतर पट्टी होती तोवर त्यांनी संध्याकाळचं दुकान लवकर बंद केलं. पट्टी लावलेली पोर आणि ते, दोघं जमिनीवर बसून मणी ओवत, चित्रं रंगवत, तांदळातले खडे वेचत. डोळ्याला काम हवं, असं बाईंनी सांगितलं होतं. एरवी घरातल्या कामाला हात न लावणारा माणूस तांदूळ निवडतोय हे बघायला शेजारीण दोनदा काही ना काही मागायच्या निमित्ताने येऊन गेली. ढब्बूला पट्टी नाही हा अन्याय त्याला सहन झाला नाही, तेव्हा त्यालाही एक दिली. त्याने पट्टीवर एक डोळा रंगवून घेतला आणि मग तो झोपला असतानाही जागाच दिसायचा. शाळेत पोरीला समुद्री चोर म्हणत. ती म्हणे म्हणू दे, चोराच्या वाटेला कोणी जात नाही.

तिसऱ्या महिन्यात दोनाच्या चार ओळी झाल्या, आणि घरात निवडणूक जिंकल्यासारखं वातावरण झालं. चौथ्यात पाचवी ओळ आली. आता सगळ्याच येणार असा हिशोब चष्मेवाल्यांनी मांडला. महिन्याला एक धरली तरी अकरावी गाठायला आणखी अर्धं वर्ष. ते स्वतः धंद्यातले होते, त्यांना असं धरायचं नसतं हे ठाऊक होतं. पण बाप पडद्यापलीकडचा होता आणि ज्ञान अलीकडचं.

पाचव्या महिन्यात पाचच ओळी. सहाव्यातही पाचच. बाईंनी आणखी दोन महिने दिले. आठव्या महिन्याच्या शेवटी त्यांनी तक्ता तीनदा बदलून बघितला, पोरीच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “शाब्बास. आता पट्टी बंद. चष्मा मात्र सोडायचा नाही.” मग चष्मेवाल्यांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या की उजवा डोळा नीट जपायचा, चेंडूपासून, काठीपासून, सगळ्यापासून; आता तोच आहे.

पोरीने तिथल्या तिथे पट्टी ओढून काढली आणि टोपलीत टाकली. दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताना ती दोन पायांवर एकदम उड्या मारत होती. आईला सांगायचं, आत्ताच्या आत्ता सांगायचं, असा तिने हट्ट धरला. पोस्ट दोन रस्ते पलीकडे होतं.

पोस्टात रांग होती. चष्मेवाले शिस्तीने रांगेत उभे राहिले, कारण बायको असली तरी खिडकी सरकारी होती. पोर मधेच रांग सोडून पुढे धावली, खिडकीच्या फळीला लोंबकळून आईला म्हणाली, “पट्टी सुटली!” आणि आईने फळीवरून हात काढून तिचा गाल ओढला. मग ती बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. रांगेतल्या दोघातिघांना कौतुक वाटलं. चष्मेवाल्यांच्या पुढे पाच माणसं होती. त्यांची पाळी येईपर्यंत बायकोने एकदाही मान वर केली नाही, पण त्यांनी बघितलं की तिने एका पार्सलावर दोनदा शिक्का मारला.

“पाच ओळी,” ते खिडकीच्या भोकातून म्हणाले. “आता पुढे नाही.”

“काच लावून?”

“काच लावून.”

ती वजनकाट्यावरची धूळ बोटाने काढत राहिली. काट्यावर धूळ नव्हती.

“तिला कळलंय?”

“नाही. पट्टी गेली म्हणून खूश आहे.”

“मग राहू द्या आज.”

ते हलले नाहीत. त्या संध्याकाळनंतर गेले आठ महिने तिने त्यांना बोल लावला नव्हता; ते रोज संध्याकाळी तांदूळ निवडताना वाट बघत आले होते, की आज बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर निदान माप तरी कळलं असतं. “काहीतरी बोल की गं,” ते म्हणाले. “माझ्यामुळे झालं.”

तिने आजूबाजूला बघितलं, मग तोंड भोकाजवळ आणलं. “मला दवाखाना माहीत होता,” ती म्हणाली. “बस माहीत होती. सुट्टी मिळत होती. पोरीला तुम्हाला न विचारता मामाकडे नेते, बाजारात नेते. तिथे नेलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नेलं नाही.”

चष्मेवाल्यांनी आठ महिने सगळी चूक एकट्याने उचलली होती. आता तिच्यातला वाटा कोणी मागत होतं, आणि त्याने ओझं हलकं होण्याऐवजी घरभर पसरलं.

“अहो, काम झालं असेल तर सरका पुढे,” मागचा माणूस म्हणाला. त्याच्या हातात कसलंसं मोठं खोकं होतं आणि ते घसरत होतं.

“झालं,” चष्मेवाले म्हणाले आणि बाजूला झाले. बायकोने खोकं काट्यावर घेतलं. बाहेर पायरीवर पोर बसली होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होती.